थोडे डाव, मोठी सरासरी

मुलुंडच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या आमच्या परिचित बाईंनी नववीच्या मुलांकडून एक खेळ तयार करून घेतला आणि तो तपासण्यासाठी आम्हाला बोलावले. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून मुलांनी साठ पाने बनवली होती. प्रत्येक पानावर एका कसोटी फलंदाजाचे नाव, सामने, डाव, नाबाद, धावा आणि सरासरी. खेळायच्या रीती दोन. पहिली आपल्या ओळखीची: एकाने आकडा पुकारायचा, ज्याच्या पानावर तो मोठा त्याने दोन्ही पाने घ्यायची. दुसरी रीत मुलांची स्वतःची. प्रत्येक पानामागे फाशांचा एक तक्ता होता. सरासरी जितकी मोठी, तितका तो तक्ता धावांना अनुकूल. दोन फासे टाकून डाव खेळायचा.

आम्ही पोचलो तेव्हा मागच्या बाकावर भांडण चालले होते. एका मुलाने 'सरासरी' पुकारून सचिन तेंडुलकरचे पान टाकले होते: ५३.७८. समोरच्या मुलीने शांतपणे विनोद कांबळीचे पान ठेवले: ५४.२०.

"बाई, हिचं पान चुकलंय!"

"चुकलं नाहीये. मी स्वतः भागाकार केलाय."

भागाकार खरोखरच बरोबर होता. तेंडुलकरने २०० कसोटींत ३२९ डाव खेळून, ३३ वेळा नाबाद राहून, १५,९२१ धावा केल्या. म्हणजे २९६ वेळा बाद, सरासरी ५३.७८. कांबळीने १७ कसोटींत २१ डाव खेळून, एकदा नाबाद राहून, १०८४ धावा केल्या. २० वेळा बाद, सरासरी ५४.२०. अंकगणितात काही चूक नाही. तरीही त्या मुलाला वाटत होते की काहीतरी चुकले आहे, आणि आमच्या मते त्याचे वाटणे योग्य होते. चूक भागाकारात नव्हती. सरासरी म्हणजेच फलंदाजाची योग्यता, हे जे खेळाने गृहीत धरले होते, तिथे ती होती. या परीक्षणात आम्हाला त्याविषयीच लिहायचे आहे.

किमान वीस डाव

मुलांना या अडचणीची चाहूल आधीच लागली होती. एका विद्यार्थ्याने अँडी गँटॉम या वेस्ट इंडीजच्या फलंदाजाचे पान आणले होते. १९४८ साली पोर्ट ऑफ स्पेन येथे इंग्लंडविरुद्ध तो आपली एकमेव कसोटी खेळला, एकच डाव मिळाला आणि त्यात त्याने ११२ धावा केल्या. सरासरी ११२! ९९.९४ सरासरीचा डॉन ब्रॅडमनसुद्धा या पानापुढे हरू लागला, तेव्हा वर्गाने नियम केला की वीसपेक्षा कमी डाव खेळलेल्याचे पान करायचे नाही.

अभिलेखांची पुस्तकेही हेच करतात, त्यामुळे मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. पण हा नियम कसा वागतो ते पाहा. एकोणीस डाव खेळलेल्यावर तो अजिबात विश्वास ठेवत नाही आणि विसाव्या डावानंतर एकदम पूर्ण विश्वास ठेवतो. त्याच्या लेखी २१ डाव आणि ३२९ डाव यांत काहीच फरक नाही. माहिती तर प्रत्येक डावागणिक थोडीथोडी वाढत असते. ती उंबरठा ओलांडल्यासारखी एका पावलात येत नाही.

माहिती थोडी असताना सरासरी किती फसवी असते, याचे कांबळीइतके ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही. कांजूरमार्ग हे मुलुंडपासून तिसरे स्थानक. तिथून दादरच्या शारदाश्रम शाळेत येणारा हा मुलगा फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात तेंडुलकरबरोबर ६६४ धावांच्या अभेद्य भागीदारीत नाबाद ३४९ धावा करून गेला. तेंडुलकरच्या नाबाद ३२६ होत्या. कांबळीची पहिली कसोटी जानेवारी १९९३ मधली, कलकत्त्याची. त्याचे पहिले आठ कसोटी डाव असे: १६, नाबाद १८, ५९, २२४, २२७, १२५, ४ आणि १२०. बेरीज ७९३, सात वेळा बाद, सरासरी ११३.२९. त्यानंतरच्या तेरा डावांत मिळून त्याने २९१ धावा केल्या. सरासरी २२.३८. नोव्हेंबर १९९५ नंतर तो पुन्हा कसोटी खेळला नाही.

मुलांनी हे पान १९९३ सालच्या ऑगस्टमध्ये बनवले असते, तर त्याने ब्रॅडमनलाही हरवले असते. आणि फक्त पुढचे तेरा डाव धरून बनवले असते, तर ते जवळपास सर्वांकडून हरले असते. माणूस तोच, बॅट धरणारे हात तेच.

अमेरिकेतील टेबलावरचे बेसबॉल

आमच्या मुलांनी शोधलेली फाशांची रीत अमेरिकेत फार पूर्वीपासून आहे. तिथे बेसबॉलचा असा पानांचा आणि फाशांचा खेळ 'ॲपबा' या नावाने १९५१ पासून मिळू लागला. १९६१ साली हॅल रिचमन यांनी 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हा दुसरा प्रसिद्ध खेळ आणला. एखाद्या हंगामात खेळाडूने जे केले त्यावरून त्याचे पान बनते. फासे टाकले की ते पान जवळपास तसाच खेळ करते.

याही खेळांना आपल्या मुलांची अडचण आली. १९५७ च्या हंगामात मिलवॉकी ब्रेव्हज संघाने बॉब हेझल नावाचा खेळाडू मध्येच बोलावला. १३४ वेळा फलंदाजी करून त्याने ५४ यशस्वी फटके मारले. प्रमाण ०.४०३. बेसबॉलमध्ये पूर्ण हंगाम ०.३०० राखणारासुद्धा उत्तम समजला जातो, यावरून ही कामगिरी किती अचाट होती हे कळेल. पुढच्या वर्षी त्याचे प्रमाण ०.२११ वर आले आणि वरच्या श्रेणीतील त्याची कारकीर्द संपली. पण १९५७ चे आकडे जसेच्या तसे उतरवून त्याचे पान बनवले, तर खेळणारा ते पान पूर्ण हंगामभर रोज उतरवील. पुठ्ठ्यावरचा हेझल थकत नाही, आणि त्याचे नशीबही फिरत नाही.

यावर खेळणाऱ्यांच्या मंडळांनी काढलेला एक उपाय असा की खेळाडू प्रत्यक्षात जितक्या वेळा फलंदाजीला आला, तितक्याच वेळा त्याचे पान वापरू द्यायचे. उपाय व्यवहारी आहे, पण त्याने फक्त नुकसान आटोक्यात राहते. पानावरचा आकडा खोटेच बोलत राहतो. त्याला बोलायला वेळ कमी मिळतो, इतकेच.

आकडाच सुधारायचा रस्ता संख्याशास्त्रज्ञांनी दाखवला. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी १९७७ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात १९७० च्या हंगामातील अठरा खेळाडूंचे उदाहरण घेतले. प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधींवरून उरलेल्या हंगामाचा अंदाज करायचा होता. रॉबर्टो क्लेमेंटे ४५ पैकी १८ वेळा यशस्वी, म्हणजे ०.४००. थर्मन मन्सन ४५ पैकी ८ वेळा, म्हणजे ०.१७८. अठरा जणांचा मध्य ०.२६५. त्यांनी प्रत्येकाचा आकडा या मध्याकडे बराच ओढून घेतला. क्लेमेंटेचा झाला ०.२९४ आणि मन्सनचा ०.२४७. उरलेल्या हंगामात क्लेमेंटे ०.३४६ वर उतरला, मन्सन ०.३१६ पर्यंत चढला. अठरा खेळाडूंच्या चुकांचे वर्ग करून बेरीज केली, तेव्हा ओढून घेतलेले अंदाज मूळ सरासरींपेक्षा सुमारे साडेतीन पटींनी सरस ठरले.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. मध्याकडे ओढल्यामुळे वरचा खाली आला, हे कोणालाही पटते. पण खालचा वरही गेला. थोड्या संधींचा तोटा दोन्ही बाजूंनी होतो.

शून्याकडे की मध्याकडे?

क्रिकेटमध्येही थोड्या डावांचा विचार करणारी एक पद्धत प्रचलित आहे. १९८७ साली इंग्लंडचे माजी कर्णधार टेड डेक्स्टर यांच्या कल्पनेतून खेळाडूंची क्रमवारी सुरू झाली. आज ती आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या नावाने चालते. हिच्यात शून्य ते हजार गुण असतात आणि समोरचा संघ, सामन्यातील परिस्थिती अशा गोष्टींचाही हिशेब होतो. नव्या खेळाडूसाठी नियम असा की दहा कसोटी डाव खेळलेल्या फलंदाजाला त्याच्या हिशेबी गुणांपैकी ७० टक्केच द्यायचे. पूर्ण १०० टक्के मिळायला चाळीस डाव लागतात.

वीस डावांच्या उंबरठ्यापेक्षा ही पद्धत नक्कीच शहाणी आहे, कारण इथे विश्वास हळूहळू वाढतो. तरीही तिच्यावर आमचा एक आक्षेप आहे. गुणांना ०.७ ने गुणणे म्हणजे ते शून्याकडे ओढणे. जणू 'तुझ्याविषयी माहिती नाही' आणि 'तू वाईट आहेस' ही दोन वाक्ये एकच आहेत. मिळवलेल्या कामगिरीचा मान म्हणून क्रमवारी लावायची असेल तर हे चालेल. मान कमवावा लागतो, आणि क्रमवारीचा हेतू तोच आहे. पण पुढे हा खेळाडू काय करील असा प्रश्न असेल, तर हे चालणार नाही. आणि फाशांच्या खेळाला उत्तर हवे असते ते याच प्रश्नाचे.

श्रीलंकेचा मर्वन अटापट्टू घ्या. १९९० साली चंदीगड, १९९२ साली कोलंबो, १९९४ साली अहमदाबाद. या पहिल्या तीन कसोटींत सहा डाव, आणि धावा ०, ०, ०, १, ०, ०. सरासरी ०.१७. त्या सरासरीला आणखी ७० टक्क्यांनी गुणून काय साधणार? पुढे १९९७ साली तो संघात परतला आणि २००७ मध्ये थांबला तेव्हा त्याच्या नावावर ९० कसोटींत ५५०२ धावा, ३९.०२ ची सरासरी आणि सहा द्विशतके होती.

वीस काल्पनिक वेळा बाद

मग मुलांनी पान कसे बनवावे? नववीला जमेल अशी रीत आम्ही सुचवली. प्रत्येक फलंदाजाच्या खात्यात सुरुवातीलाच वीस काल्पनिक वेळा बाद आणि प्रत्येक वेळी ४० धावा, अशा एकूण ८०० धावा जमा करायच्या. मग नेहमीसारखा भागाकार करायचा.

४० का? कसोटीत नेहमी वरच्या क्रमांकांवर खेळणाऱ्या फलंदाजाची सरासरी ठोकळमानाने तितकी असते. वीस का? एका डावातील धावांचा चढउतार फार मोठा असतो. प्रमाण विचलन जवळजवळ सरासरीइतकेच, म्हणजे ४०. त्याचा वर्ग १६००. उलट निरनिराळ्या चांगल्या फलंदाजांच्या खऱ्या योग्यतेतला फरक त्या मानाने लहान असतो. त्याचे प्रमाण विचलन ९ धरले तर वर्ग सुमारे ८०. १६०० भागिले ८० म्हणजे वीस. नऊचा आकडा आम्ही धरलेला आहे. कोणी आठ धरले तर पंचवीस येतील, दहा धरले तर सोळा. निष्कर्ष फारसा बदलत नाही.

या रीतीने काय होते ते पाहू.

गँटॉम: १ वेळा बाद, मूळ ११२, सुधारित ४३.४.
कांबळी: २० वेळा बाद, मूळ ५४.२०, सुधारित ४७.१.
तेंडुलकर: २९६ वेळा बाद, मूळ ५३.७८, सुधारित ५२.९.
ब्रॅडमन: ७० वेळा बाद, मूळ ९९.९४, सुधारित ८६.६.
अटापट्टू, पहिल्या सहा डावांनंतर: मूळ ०.१७, सुधारित ३०.८.

गँटॉमचे पानही आता खेळात ठेवता येते. उंबरठ्याचा नियमच नको. ब्रॅडमन सर्वांच्या कितीतरी वर राहतो, कारण त्याचा पुरावा भक्कम आहे. तेंडुलकरला एका धावेपेक्षाही कमी फटका बसतो. आणि मागच्या बाकावरचे भांडण मिटते.

पण भांडण खरोखर मिटते का?

कांबळीचे पान ठेवणारी मुलगी समाधानी नव्हती. "म्हणजे त्याला जास्त खेळायला मिळालं नाही, म्हणून त्याचे गुण कापायचे?" असे तिने विचारले. या प्रश्नाला बगल देणे योग्य होणार नाही.

पहिले उत्तर असे की गुण कापलेले नाहीत. १०८४ धावा त्याने केल्या. त्या इतिहासात जशाच्या तशा आहेत. ४७.१ हा आपला पुढचा अंदाज आहे. त्याच्या कर्तृत्वाचा तो हिशेब नव्हे. पानावर हे दोन्ही आकडे असावेत.

दुसरे उत्तर आमच्या रीतीच्या विरुद्ध जाते. पहिल्या आठ डावांनंतर आमच्या रीतीने कांबळीचा अंदाज केला असता, तर १५९३ भागिले २७, म्हणजे ५९.० आला असता. ११३ पेक्षा तो बराच शहाणा. पण प्रत्यक्ष पुढचे डाव २२.३८ च्या सरासरीने गेले. ५९ आणि २२ मधले अंतर तेरा डावांत केवळ नशिबाने पडणे अवघड आहे. काहीतरी बदलले असावे. त्याची कारणे लोक निरनिराळी सांगतात, पण सरासरीत त्यांतले एकही कारण लिहिलेले नसते. आपल्या रीतीचे गृहीतच असे की फलंदाजाची योग्यता स्थिर आहे आणि फक्त फासे हलतात. माणूस मात्र फाशासारखा नसतो.

तिसरी मर्यादा त्याहून बोचरी आहे. ६६४ च्या त्या भागीदारीत पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला मुलगा होता अमोल मुझुमदार. पुढे प्रथम श्रेणीत त्याने ११,१६७ धावा केल्या, सरासरी ४८.१३. कसोटी एकही नाही. त्याची कसोटी सरासरी शून्य भागिले शून्य, म्हणजे अर्थहीन. मुलांच्या साठ पानांत तो नव्हता. आमच्या रीतीने त्याचे पान निघेल: ८०० भागिले २०, म्हणजे ४०. पण हे उत्तर कोणाही अनोळखी फलंदाजासाठी तेच येईल. रणजी सामन्यांत वर्षानुवर्षे दिसलेल्या माणसाला अनोळखी म्हणणे हा आळस आहे. पुरावा थोडा असेल तेव्हा मध्याकडे झुकावे, हे खरे. पण कोणत्या मध्याकडे, हे दुसरीकडे उपलब्ध असलेल्या माहितीवरून ठरवायला हवे. मुलांनी पुढच्या वेळी रणजीच्या आकड्यांवरून प्रत्येकाचा आरंभीचा आकडा ठरवून पाहावा, अशी आमची सूचना आहे.

वर्गात करून पाहा

शिक्षकांनी हे सारे सांगण्यापूर्वी एक प्रयोग करावा. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाने फासा सहा वेळा टाकावा आणि सम संख्या किती वेळा आली ते लिहावे. पाच किंवा सहा वेळा सम येणारी साधारण सहा-सात मुले निघतील. त्यांना फळ्याजवळ उभे करून 'तज्ज्ञ' म्हणून टाळ्या द्याव्यात. शून्य किंवा एकदाच सम आलेलीही जवळपास तितकीच निघतील. त्यांनाही बाजूला उभे करावे. मग दोन्ही गटांना पुन्हा सहा वेळा फासा टाकू द्यावा. दोन्ही गटांची सरासरी तीनच्या आसपास येईल. 'तज्ज्ञ' बिघडले नाहीत आणि दुसरे सुधारले नाहीत. आपणच सहा फेकींवरून फार लवकर बोललो होतो.

हा प्रयोग झाल्यावर बाईंनी टेबलावरची गुणपत्रिका पुढे ओढली. वर्षाच्या मध्यावर बदलून आलेल्या एका मुलाच्या नावापुढे एकाच घटक चाचणीचे गुण होते, वीसपैकी चार, आणि शेवटच्या रकान्यात त्यांनीच पूर्वी लिहिलेला शेरा होता: 'कच्चा'. एका चाचणीवरून हा शेरा देणे म्हणजे सहा डावांवरून अटापट्टूला घरी पाठवणेच होय. जवळच उभ्या असलेल्या आम्हालाही आमच्या प्रयोगशाळेत एका मुलाखतीवरून नाकारलेले काही उमेदवार आठवले.

मुलांच्या खेळाला आम्ही चांगले गुण दिले, दोन दुरुस्त्यांच्या अटीवर. फाशांचा तक्ता सुधारित सरासरीवरून बनवावा. आणि प्रत्येक पानावर 'किती वेळा बाद' हा आकडा सरासरीइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहावा, म्हणजे सरासरीवर किती विश्वास ठेवायचा ते खेळणाऱ्याला तिथेच कळेल. कांबळीच्या पानावर ही दुरुस्ती त्याच मुलीने केली. ५४.२० हा आकडा मात्र तिने खोडू दिला नाही. बाईंनी तो शेरा खोडला आणि त्या जागी पेन्सिलीने लिहिले: 'एकच चाचणी'.